नवे घडवावे की नक्कल काढावी?
संगणकातील वस्तुनिर्मितीविषयी एक अभ्यासपाठ

सरकारी कचेरीत ज्याने काही काळ काम केले आहे, त्याला एक गोष्ट चांगली ठाऊक असते. नवे पत्र लिहावयाचे झाले की कोऱ्या कागदापासून आरंभ न करता जुन्या फाइलमधील तशाच स्वरूपाचे पत्र काढावयाचे, त्यातील नाव, गाव व दिनांक बदलावयाचा आणि पत्र रवाना करावयाचे, असा प्रघात सर्वत्र आहे. त्यामुळे वेळ वाचतो, यात शंका नाही. परंतु कधी कधी जुन्या पत्रातील एखादे नाव बदलावयाचे राहून जाते आणि एकाचा आदेश दुसऱ्याच्या हाती पडतो, हाही अनेकांचा अनुभव आहे.

नेमका हाच प्रश्न संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांपुढे नित्य उभा असतो. एखादी वस्तू प्रत्येक वेळी मुळापासून नवी घडवावी, की अगोदर तयार असलेल्या वस्तूची प्रतिकृती काढून तीत हवा तेवढा बदल करावा? या दोहोंत अधिक जलद कोणते आणि अधिक निर्धोक कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय केवळ तज्ज्ञांचा आहे, असे कोणी समजू नये. जमिनीचा उतारा, विजेचे देयक, शिधापत्रिका, परीक्षेची गुणपत्रिका हे सर्व कागद आज संगणकाच्या आज्ञावल्यांतूनच बाहेर पडतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने आज्ञावली-लेखनाचा परिचय माध्यमिक टप्प्यापूर्वीच, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत करून द्यावा, असे सुचविले आहे. गोव्यात २०२१ पासून शाळांतून कोडिंग व रोबोटिक्स शिकविण्याची योजना हाती घेण्यात आली. तेव्हा गावातील शिक्षकाला व पालकालाही या प्रश्नाची तोंडओळख असणे इष्ट आहे. प्रस्तुत लेखक शिक्षणाने कलाशाखेचा आहे. त्यामुळे हा पाठ सामान्य वाचकाच्या पायरीवर उभा राहूनच लिहिला आहे.

वस्तू म्हणजे काय?

आज्ञावलीच्या भाषेत ‘वस्तू’ म्हणजे परस्परसंबंधित माहितीचा आणि त्या माहितीवर करावयाच्या क्रियांचा एक गठ्ठा. एखाद्या विद्यार्थ्याची वस्तू घेतली तर तीत त्याचे नाव, इयत्ता व गुण असतील आणि ‘एकूण गुण सांग’ ही क्रियाही असेल. अशा वस्तू ज्या नमुन्यावरून घडतात त्याला आपण साचा म्हणू.

या विचारसरणीचा उगम नॉर्वेची राजधानी ओस्लो येथे झाला. तेथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड या दोघांनी सिम्युला ६७ ही भाषा निर्माण केली. साचा लिहावा आणि ‘न्यू’ हा शब्द उच्चारून त्यातून हव्या तेवढ्या वस्तू घडवाव्यात, ही पद्धत तिने रूढ केली. या कार्याबद्दल दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला. पुढे आलेल्या सी प्लस प्लस, जावा इत्यादी भाषांनी हीच वाट धरली.

दुसरी एक परंपराही तितकीच जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये आपल्या प्रबंधासाठी स्केचपॅड नावाची आज्ञावली सिद्ध केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर एक मूळ आकृती काढावयाची आणि तिच्या अनेक प्रती चित्रात ठिकठिकाणी बसवावयाच्या, अशी तीत सोय होती. मूळ आकृती बदलली की सर्व प्रती आपोआप बदलत. पुढे डेव्हिड उंगार आणि रँडल स्मिथ यांनी सेल्फ ही भाषा रचली व १९८७ मध्ये तिचे विवेचन प्रसिद्ध केले. या भाषेत साचा हा प्रकारच नाही. एक नमुनेदार वस्तू घ्यावयाची आणि तिची प्रतिकृती काढावयाची, एवढाच नवनिर्मितीचा मार्ग. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी घडविलेल्या जावास्क्रिप्ट भाषेवर सेल्फमधील नमुना-वस्तूच्या कल्पनेची छाप आहे. १९९४ मध्ये चार लेखकांनी आज्ञावली-रचनेच्या २३ प्रमाण पद्धतींचा जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यातही नमुन्यावरून प्रत काढण्याच्या पद्धतीला स्वतंत्र स्थान आहे.

जलद कोणते?

नक्कल काढणे हे नवे घडविण्यापेक्षा नेहमीच जलद असते, अशी अनेकांची समजूत असते. ती तपासून पाहू.

नवी वस्तू घडविताना संगणकाला तीन कामे करावी लागतात. पहिले, स्मृतीमध्ये जागा मिळविणे. दुसरे, ती जागा स्वच्छ करून तीत आरंभीची माहिती भरणे. तिसरे, वस्तू वापरण्यायोग्य व्हावी म्हणून साच्यात सांगितलेली प्राथमिक कामे पार पाडणे. उदाहरणार्थ, एखादा तक्ता वाचणे, काही आकडेमोड करणे किंवा नोंदवहीतून नवा क्रमांक घेणे.

आता प्रतिकृतीकडे पाहू. तिलाही स्मृतीत जागा लागतेच. ते काम टळत नाही. माहिती भरावीच लागते. फरक इतकाच की ती मूळ वस्तूवरून उतरवून घेतली जाते. टळते ते बहुधा केवळ तिसरे काम. म्हणजेच नक्कल काढल्याने किती वेळ वाचला, याचे उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: ते तिसरे काम किती जड होते?

हे आकड्यांनी स्पष्ट होईल. संगणकाच्या मुख्य स्मृतीतून माहिती आणण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. फिरत्या चकतीवरील माहिती शोधण्यास मात्र सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग लागू शकतो. दोहोंत एक लाख पटींचा फरक पडला. समजा, एक वस्तू घडविताना प्रत्येक वेळी चकतीवरील दरांचा तक्ता वाचावा लागतो आणि अशा १०,००० वस्तू हव्या आहेत. प्रत्येक वस्तू मुळापासून घडविली तर १०० सेकंद लागतील. तक्ता एकदाच वाचून उरलेल्या वस्तू प्रतिकृतीने घेतल्या आणि प्रत्येक प्रतीस एक मायक्रोसेकंद लागला, तर तेच काम एका सेकंदाच्या अल्पशा भागात आटोपेल. येथे नक्कल करणे हेच शहाणपण होय.

परंतु वस्तू जर साधी असेल, तीत दोन-तीन आकडे व एक नाव एवढेच असेल, तर चित्र पालटते. आजच्या जावा भाषेच्या यंत्रणेत स्मृतीतील जागा घेणे म्हणजे राखून ठेवलेल्या मोकळ्या पट्ट्यावरील खूण थोडी पुढे सरकविणे होय. त्यासाठी यंत्राच्या सुमारे दहा आज्ञा पुरतात. वस्तूचा उपयोग अगदी थोड्या वेळापुरता व मर्यादित आहे, असे यंत्रणेच्या ध्यानात आले तर ती कधी कधी वस्तू घडविण्याचे कामच गाळून टाकते. अशा ठिकाणी नक्कल काढून काहीच पदरात पडत नाही. पायथन भाषेत तर लहान वस्तूची सर्वसाधारण सोयीने काढलेली नक्कल ही ती वस्तू थेट नवी घडविण्यापेक्षा बहुधा अधिक वेळ घेते. कारण ही वस्तू कोणत्या प्रकारची आहे व तिची प्रत कशी काढावी, याची चौकशी करण्यातच वेळ जातो. उलट, आकड्यांची एक लांबलचक रांग असेल तर संगणक ती एकगठ्ठा उतरवून घेतो. जावा भाषेच्या जाणकारांपैकी जोशुआ ब्लॉक हे अन्य वस्तूंच्या बाबतीत या भाषेतील क्लोन पद्धतीपासून दूर राहण्याचा सल्ला देतात. परंतु अशा रांगांची प्रत काढण्यास तिला मुभा देतात.

येथे एक बोध घेण्यासारखा आहे. जावा भाषेच्या आरंभीच्या काळात नवी वस्तू घडविणे खरोखरच महाग पडे. म्हणून जुन्या वस्तू जपून ठेवाव्यात, पुन्हा पुन्हा वापराव्यात, शक्यतो नवे घडवू नये, असा दंडक पडला. पुढे यंत्रणा सुधारली, कारण नाहीसे झाले. दंडक मात्र अनेकांच्या मनात राहून गेला. कचेरीतील कित्येक प्रघातांचेही असेच असते, हे वाचकांस निराळे सांगावयास नको.

उथळ प्रत आणि सखोल प्रत

वेग हा या प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. दुसरा भाग अधिक गंभीर आहे आणि तो लेखकाला एका प्रसंगाने समजला.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात निवृत्तिवेतनधारकांना पत्रे पाठविण्याचे काम चालू होते. एकाच घरात राहणाऱ्या दोन वृद्ध विधवा, नातेसंबंधाने नणंद-भावजय, दोघीही त्या यादीत होत्या. पुढे भावजय आपल्या मुलाकडे शहरात राहावयास गेली व तिचा नवा पत्ता संगणकात नोंदविण्यात आला. नणंद गावीच राहिली. हयातीचा दाखला सादर करावा, असे पत्र दोघींच्या नावे निघाले. परंतु दोन्ही पत्रे शहरातील पत्त्यावर गेली. नणंदेला काहीच कळले नाही आणि दाखला न आल्यामुळे तिचे वेतन दोन महिने थांबले. ती स्वतः कार्यालयात आली तेव्हा तिने एवढेच विचारले, “साहेब, मी जिवंत आहे हे आणखी कसे सांगू?” त्या प्रश्नाला तेथे उपस्थित असलेल्या आम्हां कोणापाशीच उत्तर नव्हते.

आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणाने दोन दिवस शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. दोघींचे घर एकच म्हणून भावजयीच्या नोंदीची प्रतिकृती काढून नणंदेची नोंद तयार केलेली होती. नाव व वेतन क्रमांक बदलले होते. पत्ता मात्र नोंदीच्या आत प्रत्यक्ष लिहिलेला नव्हता. ‘पत्ता अमुक ठिकाणी आहे’ एवढी खूणच तेथे होती. नक्कल झाली ती त्या खुणेची, पत्त्याची नव्हे. नोंदी दोन झाल्या, पण पत्ता एकच राहिला. एकीचा बदलला आणि दुसरीचाही बदलला.

याला उथळ प्रत म्हणतात. तीत वरची पाटी नवी असते, आतील सामान सामाईक असते. आतील प्रत्येक गोष्टीचीही वेगळी प्रत काढली तर ती सखोल प्रत होय. जावा भाषेतील क्लोन ही सोय मुळात उथळ प्रतच देते. शिवाय वस्तू घडताना करावयाची प्राथमिक कामे ती करीत नाही. त्यामुळे नवा नोंदणी क्रमांक देण्याचे काम साच्यात लिहिलेले असले तरी प्रतीला जुनाच क्रमांक मिळतो, आणि आज्ञावलीकाराने तो आठवणीने बदलला नाही तर एका क्रमांकाच्या दोन नोंदी होतात. पायथनमध्ये उथळ व सखोल अशा दोन्ही प्रतींची वेगळी सोय आहे. जावास्क्रिप्टसाठी सखोल प्रतीची तयार सोय प्रमुख ब्राउझरमध्ये २०२१-२२ च्या सुमारास आली.

मग सदैव सखोल प्रतच का काढू नये? कारण तीत वेळ जातो. आत जितक्या वस्तू, त्यांच्या आत आणखी जितक्या वस्तू, त्या सर्वांना भेट द्यावी लागते. शिवाय एखादी वस्तू फिरून मूळ वस्तूकडेच बोट दाखवीत असेल तर संगणक चक्रात सापडू नये म्हणून कोणाकोणाची प्रत काढून झाली, याची यादीही ठेवावी लागते. थोडक्यात, जी नक्कल जलद असते ती बहुधा उथळ असते, आणि जी निर्धोक असते ती बहुधा सावकाश होते. नक्कल जलद असते असे कोणी म्हटले, तर ती कोणत्या प्रकारची नक्कल, हे प्रथम विचारले पाहिजे.

तिसरा मार्ग

यातून एक मध्यम मार्गही निघाला आहे. जी माहिती कधीच बदलावयाची नाही, ती सर्वांनी मिळून वापरण्यास हरकत नसते. गावच्या चावडीवरील एकच दरपत्रक सर्वांनी वाचावे, प्रत्येकाने उतरवून घेण्याची आवश्यकता नाही, तसेच हे आहे. जावा भाषेतील मजकुराच्या वस्तू अशाच अपरिवर्तनीय ठेवलेल्या आहेत. पत्ता बदलावयाचा झाल्यास जुन्या पत्त्यावर खाडाखोड न करता नव्या पत्त्याची नवी वस्तू घडवून ती त्या एकाच नोंदीला जोडावयाची, असा नियम वरील कार्यालयात असता, तर त्या वृद्धेचे पत्र चुकले नसते.

लिनक्स या कार्यप्रणालीत याच विचाराचे दुसरे रूप दिसते. एका चालू कामाची हुबेहूब प्रत काढावयाची असेल तर ती सारी स्मृती लगेच उतरवून घेत नाही. दोन्ही कामे तीच पाने वाचतात; त्यांपैकी कोणी एखाद्या पानावर लिहू लागले, की तेवढ्याच पानाची वेगळी प्रत काढली जाते. सर्वांत जलद नक्कल ती, जी काढावीच लागली नाही, असे यावरून म्हणता येईल.

वर्गात करून पाहण्यासारखे

शिक्षकांना हा पाठ मुलांकडून प्रत्यक्ष करून घेता येईल. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये मुलांसाठी खुली केलेली स्क्रॅच ही भाषा अनेक शाळांतून वापरली जाते. तिच्या २०१३ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून पात्राची प्रतिकृती काढण्याची सोय आहे.

पावसाचे चित्र करावयाचे आहे, असे समजा. पन्नास थेंबांसाठी पन्नास पात्रे काढण्यापेक्षा एक थेंब काढून त्याच्या प्रतिकृती काढाव्यात. त्यांचे चित्र व आज्ञा सामाईक राहतात, म्हणून संगणकावर भार कमी पडतो. आता ‘वेग’ नावाची चलराशी ‘सर्व पात्रांसाठी’ म्हणून निर्माण करावी. प्रत्येक प्रतिकृतीने आरंभी २ ते १० मधील कोणताही आकडा वेग म्हणून निवडावा व त्या वेगाने खाली यावे, अशी आज्ञा द्यावी. सारे थेंब एकाच वेगाने पडताना दिसतील, कारण शेवटी निवडलेला आकडा सर्वांचा झाला. मग तीच चलराशी ‘फक्त याच पात्रासाठी’ म्हणून पुन्हा निर्माण करावी. आता प्रत्येक थेंब आपापल्या वेगाने पडेल. निवृत्तिवेतनाच्या पत्राची चूक आणि तिची दुरुस्ती, दोन्ही या एका खेळात सामावलेली आहेत.

स्क्रॅचमध्ये एका वेळी ३०० पेक्षा अधिक प्रतिकृती राहू शकत नाहीत; पुढील मागणी निमूटपणे दुर्लक्षिली जाते. म्हणून जमिनीवर पोहोचलेला थेंब पुसून टाकण्याची सवय मुलांना लावावी. जे घडविले ते काम संपताच मोकळे करणे, हाही या विद्येचा एक संस्कार आहे.

ज्या शाळेत संगणक नाही, तेथे कागद व घड्याळ पुरेसे आहे. विद्यार्थ्यांचे दोन गट करावेत. पहिल्या वेळी दोन ओळींचे साधे कार्ड द्यावे. एका गटाने ते नवे लिहावे, दुसऱ्याने पाहून उतरवावे. वेळ जवळजवळ सारखाच लागेल. दुसऱ्या वेळी वीस गुणाकारांचे कार्ड द्यावे. एका गटाने गुणाकार करून उत्तरे लिहावीत, दुसऱ्याने तयार उत्तरे उतरवावीत. आता उतरविणारा गट बराच पुढे जाईल; पण मूळ कार्डात एक उत्तर मुद्दाम चुकीचे ठेवले, तर ती चूक त्या गटाच्या प्रत्येक कार्डावर उमटलेली आढळेल.

सारांश

नवे घडविणे व नक्कल काढणे यांपैकी कोणतेही एक नेहमीच श्रेष्ठ नाही. वस्तू घडविण्याचा खर्च मोठा असेल तर नक्कल काढावी. वस्तू साधी असेल तर सरळ नवी घडवावी. नक्कल काढताना आत काय सामाईक राहते, हे अगोदर पाहावे. जे बदलणार नाही ते सामाईक ठेवावे, जे बदलेल ते वेगळे करावे. आणि वेगाबद्दलचा निर्णय ऐकीव माहितीवर न घेता प्रत्यक्ष मोजून घ्यावा. कारण काल जे महाग होते ते आज स्वस्त झालेले असू शकते.

त्या वृद्धेच्या नोंदीसाठी पुढे नवा पत्ता नव्याने घडविण्यात आला. त्या कामाला संगणकाला सेकंदाचा किती अल्प अंश लागला असेल, हे वाचकांनी आता ताडले असेलच. तिने मात्र त्यासाठी दोन महिने वाट पाहिली होती. संगणकाचा वेळ वाचविताना माणसाचा वेळ खर्ची पडत नाही ना, हे पाहणे आज्ञावली लिहिणाऱ्याचे तसेच ती लिहवून घेणाऱ्या अधिकाऱ्याचेही कर्तव्य आहे.

स्वाध्याय

१. नवी वस्तू घडविताना संगणकाला कोणती तीन कामे करावी लागतात? त्यांपैकी नक्कल काढल्याने कोणते टळते?
२. उथळ प्रत व सखोल प्रत यांतील फरक आपल्या घरातील किंवा कचेरीतील उदाहरणाने स्पष्ट करा.
३. एक वस्तू घडविण्यास ५ मिलिसेकंद व तिची नक्कल काढण्यास २ मायक्रोसेकंद लागत असतील, तर १,००० वस्तूंसाठी दोन्ही मार्गांनी लागणारा वेळ काढा. पहिली वस्तू घडवावीच लागते, हे विसरू नका.
४. आपल्या कचेरीत किंवा शाळेत असा एखादा प्रघात आहे काय, की ज्याचे मूळ कारण आता उरलेले नाही? त्याविषयी दहा ओळी लिहा.